अंगठीची घडण

मनुष्याने अंगावर धारण केलेल्या अलंकारांत अंगठी हा आकाराने अगदी लहान, परंतु व्यवहाराच्या व भावनेच्या दृष्टीने फार मोठा अलंकार होय. साखरपुड्यात ती वचनाची खूण ठरते, राजदरबारी ती मुद्रा म्हणून वापरली गेली आणि अडीअडचणीच्या काळी तीच गहाण पडून घरात धान्य आणते. अशा या वस्तूची किंमत तिच्या धातूवर अवलंबून असते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो धातू कोणत्या नियमांनी वागतो, कारागीर त्याच्याशी कसा व्यवहार करतो आणि त्या व्यवहारात कारागिराच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा विचार सहसा केला जात नाही. एका साध्या सोन्याच्या अंगठीची घडण पायरीपायरीने पाहिली, म्हणजे धातुशास्त्र व रसायनशास्त्र यांची बरीच मूलतत्त्वे त्या एका वळ्यात एकवटलेली आढळतात.

सोने आणि हीण

शुद्ध सोने हा अत्यंत मऊ व वर्धनशील धातू आहे. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम असून ते १०६४ अंश सेल्सिअस उष्णतामानास वितळते. ठोकून ठोकून त्याचा वर्ख एक दशांश मायक्रॉन इतका पातळ करता येतो. म्हणजे एका ग्रॅम सोन्याने सुमारे अर्धा चौरस मीटर जागा झाकली जाते. हवा, पाणी व घाम यांचा त्यावर परिणाम होत नाही. नत्राम्ल त्यास शिवत नाही. नत्राम्ल व लवणाम्ल यांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, मात्र ते विरघळते.

ज्या मऊपणामुळे सोन्याचा वर्ख होतो, त्याच मऊपणामुळे शुद्ध सोन्याची अंगठी टिकत नाही. रोजच्या वापरात ती वाकते, तिच्यावर ओरखडे पडतात आणि तिच्यात बसविलेला खडा निसटतो. म्हणून सोन्यात दुसरा धातू मिसळणे आवश्यक ठरते. या धातूस सोनार ‘हीण’ म्हणतात. बोलीत हा शब्द कमीपणा दाखवीत असला, तरी धातुशास्त्राच्या दृष्टीने हीण हेच अलंकाराचे बळ होय. सोन्याचे अणू एका नियमित जाळ्यात रचलेले असतात व त्या जाळ्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूहून लहान असल्यामुळे तो जाळ्यात बसला की आसपासची रचना किंचित ताणली जाते आणि थरांच्या घसरण्यास अडथळा होतो. धातू कठीण होतो तो यामुळे. चांदीचा अणू आकाराने सोन्याच्या अणूजवळ असल्याने तिच्यामुळे येणारी कठिणता त्या मानाने कमी असते. तांब्याने सोन्यास तांबूस छटा येते, तर चांदीने फिकट, किंचित हिरवट छटा येते. म्हणून कारागीर बहुधा दोन्ही धातू मिसळून इच्छित रंग साधतो.

सोन्याची शुद्धता कॅरटमध्ये मोजतात. २४ भागांपैकी २४ भाग सोने असल्यास ते २४ कॅरट. २२ भाग सोने व २ भाग हीण असल्यास ते २२ कॅरट, म्हणजे हजारी ९१६. अठरा कॅरटमध्ये हे प्रमाण हजारी ७५० असते. ८ ग्रॅम वजनाची २२ कॅरटची लगड तयार करावयाची झाल्यास ७.३३३ ग्रॅम शुद्ध सोने व ०.६६७ ग्रॅम हीण लागेल. हे हीण चांदी व तांबे यांचे समभाग असल्यास प्रत्येकी सुमारे ०.३३३ ग्रॅम घ्यावे लागेल. पूर्वी हाच हिशेब गुंज, मासा व तोळा या वजनांत होत असे. ८ गुंजांचा एक मासा आणि १२ माशांचा एक तोळा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, तेव्हा एक गुंज म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम. गुंजेच्या बीने तोललेले हे सूक्ष्म वजन आजही सोनारांच्या बोलण्यातून गेलेले नाही.

कॅरट हा केवळ पेढीवरचा हिशेब नव्हे, हे आपल्या देशाने एकदा प्रत्यक्ष अनुभवले आहे. १९६२ च्या युद्धानंतर परकीय चलनाची निकड निर्माण झाली, तेव्हा जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण-नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरटच्या मिश्रणात हजारी ५८५ भागच सोने असते. ते कठीण असते, त्याचा रंग वेगळा असतो आणि आचेला व ठोकणीला ते निराळ्या रीतीने साथ देते. पिढ्यान्‌पिढ्या बावीस कॅरटवर बसलेले हात या धातूवर चालेनात आणि ग्राहकांसही तो रुचेना. असंख्य सोनारांचा धंदा बसला. शुद्धतेची ही मर्यादा १९६६ मध्ये उठविण्यात आली. सुवर्ण-नियंत्रणाचा १९६८ चा कायदा मात्र १९९० पर्यंत चालू होता. मिश्रणातील काही भागांचा फरक असंख्य संसारांवर कसा परिणाम करू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

माप आणि आराखडा

अंगठी घडविण्याचा आरंभ आगीपाशी होत नाही. तो मापापाशी होतो. बोटाचा घेर दिवसभर सारखा राहत नाही. उन्हाळ्यात व श्रमानंतर बोट किंचित फुगते, थंडीत आक्रसते. शिवाय अंगठीला बोटाच्या पेरावरून जावयाचे असते आणि मग पेराच्या खालच्या बारीक भागावर टिकावयाचे असते. म्हणून कुशल कारागीर एकदाच माप घेऊन थांबत नाही. रुंद पट्टीची अंगठी त्याच मापाच्या अरुंद अंगठीपेक्षा घट्ट वाटते, हेही तो ध्यानात घेतो.

समजा, अंगठीचा आतला व्यास १८ मिलिमीटर हवा आहे व पट्टीची जाडी १.५ मिलिमीटर आहे. पट्टी किती लांब कापावी? वाकविताना पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली बाजू दाबली जाते. मधला थर तेवढा मूळ लांबीचा राहतो. म्हणून लांबी काढताना आतला व्यास घेऊन चालत नाही. त्यात एक जाडी मिळवावी लागते. १८ अधिक १.५ म्हणजे १९.५, आणि त्यास ३.१४१६ ने गुणिले असता ६१.३ मिलिमीटर ही लांबी येते. केवळ आतल्या व्यासावरून हिशेब केला असता पट्टी जवळजवळ पाच मिलिमीटरनी तोकडी पडली असती.

पट्टीची रुंदी ४ मिलिमीटर धरली, तर तिचे घनफळ सुमारे ०.३६८ घन सेंटिमीटर होते. वर सांगितलेल्या २२ कॅरट मिश्रणाची घनता सुमारे १७.८ असते. तेव्हा अंगठीचे वजन साधारण साडेसहा ग्रॅम भरेल. कानशीने घासताना व उजाळा देताना होणारी घट लक्षात घेता आठ ग्रॅमची लगड घेणे योग्य ठरते. अशा रीतीने धातू आगीत जाण्यापूर्वीच ग्राहकास खर्चाचा अंदाज देता येतो.

आराखड्यात सौंदर्याबरोबर उपयुक्ततेचाही विचार असतो. पट्टीची आतली बाजू किंचित गोलसर ठेवल्यास अंगठी सहज चढते व कातडी कचत नाही. फार पातळ पट्टी काही वर्षांतच झिजून तुटते. खडा उंच बसविल्यास तो शोभून दिसतो, परंतु वस्त्रात अडकतो. जुन्या घाटांमागेही असाच विचार दिसतो. केरळातील कण्णूर जिल्ह्यात पय्यन्नूर येथे घडविली जाणारी ‘पवित्र मोतिरम्’ ही अंगठी याचे सुंदर उदाहरण आहे. धार्मिक विधीच्या वेळी बोटात दर्भाचे पवित्रक घालण्याची चाल महाराष्ट्रातही परिचयाची आहे. त्या गवताच्या गाठीचा घाट पय्यन्नूरच्या कारागिरांनी सोन्यात उतरविला. भौगोलिक निर्देशांकाच्या नोंदणीने आज या अंगठीस कायद्याचे संरक्षणही लाभले आहे.

मूस, ठोकणी आणि ताव

तोललेले सोने व हीण मुशीत घालून वर चिमूटभर टाकणखार टाकतात. टाकणखार सुमारे ७४० अंशांच्या पुढे वितळून काचेसारखा पातळ होतो, धातूच्या पृष्ठभागावर पसरतो, हवेतील प्राणवायूस अटकाव करतो आणि तांब्यावर धरलेले भस्म स्वतःत विरघळवून घेतो. जुन्या वैद्यक व रसशास्त्रात ‘टंकण’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा क्षार लडाखमधील पुगा खोऱ्यात निसर्गतः सापडतो.

वितळलेला रस गरम व तेल लावलेल्या साच्यात ओततात. साचा थंड किंवा ओलसर असेल तर रसात वायूचे बुडबुडे अडकतात व लगडीत छिद्रे राहतात. लगडीत शिशाचा अंश शिरला, तर त्याहून मोठे नुकसान होते. अल्पशा शिशानेही सोने ठिसूळ होऊन ठोकताना तडकते. चार्ल्स हॅचेट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोन्याच्या मिश्रणांवरील प्रयोगांत ही गोष्ट पद्धतशीरपणे दाखवून दिली होती. मोडीच्या सोन्यात कथील व शिसे यांच्या डाखाचे कण असू शकतात. म्हणून जुना दागिना वितळविण्यापूर्वी तो नीट तपासणे इष्ट असते.

लगड ऐरणीवर ठोकून किंवा रुळांतून दाबून तिची पट्टी काढतात. तार हवी असल्यास ती जंतराच्या क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात. ठोकत असताना धातू कठीण होत जातो, हा अनुभव प्रत्येक सोनारास असतो. प्रत्येक घावाने स्फटिकांतील थर घसरतात, त्यांच्या रचनेत दोष वाढत जातात आणि ते दोष एकमेकांत गुंतून पुढील घसरण रोखून धरतात. याच अवस्थेत ठोकणी चालू ठेवली, तर पट्टीच्या कडा फाटतात.

यावरील उपाय म्हणजे ताव देणे. पट्टी मंद लाल दिसेपर्यंत, म्हणजे साधारण साडेसहाशे अंशांच्या आसपास, तापविली असता धातू न वितळताच त्यात नवे, निर्दोष स्फटिक उगवतात व तो पुन्हा मऊ होतो. मात्र ताव जास्त वेळ दिल्यास हेच स्फटिक मोठे होतात आणि पट्टीचा पृष्ठभाग वाकविताना संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. तापलेल्या धातूचा रंग उन्हात नीट ओळखता येत नाही. म्हणून सोनाराची बागेसरी पुष्कळदा अंधाऱ्या कोपऱ्यात असते. उष्णतामापक नसताना डोळ्यांनी उष्णतामान ओळखण्याची ही युक्ती शास्त्रशुद्धच म्हटली पाहिजे.

ठोकणीऐवजी ओतकामानेही अंगठी करता येते. प्रथम मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर मातीचा लेप देतात, मेण वितळवून काढून टाकतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्तींसाठी या मेणविधीचे वर्णन असून मेणाच्या वजनावरून धातूचे वजन ठरविण्याची रीतही त्यात दिली आहे. आजचे मोठे कारखाने यंत्राने आखलेली मेणाची प्रतिकृती वापरतात, परंतु तत्त्व तेच आहे. ओतलेल्या अंगठीत नक्षीचे स्वातंत्र्य अधिक मिळते. ठोकून घडविलेली अंगठी मात्र अधिक घट्ट व बिनछिद्र असते.

डाखाचा प्रश्न

पट्टी निमुळत्या सळईवर लाकडी हातोडीने वळवून तिची दोन टोके एकमेकांस भिडवितात. सांध्यात प्रकाशाची रेघही दिसू नये, इतकी ही टोके घासून सपाट करावी लागतात. मग सांध्यावर टाकणखाराचे पाणी लावून डाखाचे बारीक तुकडे ठेवतात व फुंकणीच्या ज्योतीने सगळे वळे सारखे तापवितात. डाख अंगठीच्या धातूहून कमी उष्णतामानास वितळतो आणि अरुंद फटीत आपोआप ओढला जातो. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने हे घडते. फट रुंद असेल तर हे आकर्षण लुळे पडते. म्हणून चांगला सांधा डाखाने होत नसून कानशीने होतो, असे म्हटले तरी चालेल.

येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. डाख लवकर वितळावा म्हणून त्यात हीण अधिक घालावे लागते. एका सांध्याच्या अंगठीत याने फारसा फरक पडत नाही. परंतु शेकडो कड्यांच्या साखळीचा विचार करावा. समजा, १०० ग्रॅमच्या साखळीत ९५ ग्रॅम सोने २२ कॅरटचे आहे व ५ ग्रॅम डाखात शेकडा ६० भागच सोने आहे. सर्व साखळी वितळविली, तर तिच्यात सुमारे ९०.१ ग्रॅम शुद्ध सोने निघेल. म्हणजे ती साडेएकवीस कॅरटच्या आसपास उतरेल. कारागिराने काडीचीही लबाडी केलेली नसताना मोडीच्या वेळी ग्राहकास खोट येते आणि संशय कारागिरावर येतो.

हा पेच सोडविण्यासाठी कॅडमियम या धातूचा उपयोग सुरू झाला. ९२ भाग सोने व ८ भाग कॅडमियम यांचा डाख केल्यास तो सहज वितळतो आणि दागिन्याची शुद्धताही ढळत नाही. बाजारात हेच सोने ‘केडीएम’ या नावाने प्रसिद्ध झाले व ग्राहक त्या अक्षरांस शुद्धतेची ग्वाही समजू लागले. ग्राहकाच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. परंतु तो सुटला होता कारागिराच्या फुप्फुसांच्या किमतीवर.

कॅडमियम ३२१ अंशांस वितळते आणि ७६७ अंशांस उकळते. सोन्याचा सांधा जोडताना ज्योतीखाली उष्णतामान याच्याही वर जाते. त्यामुळे डाखातील कॅडमियमचा काही भाग वाफ होऊन उडतो, हवेशी संयोग पावतो आणि अतिसूक्ष्म धूर बनतो. फुंकणीने काम करणाऱ्याचा चेहरा ज्योतीपासून वीतभर अंतरावर असतो व प्रत्येक फुंकीनंतर तो खोल श्वास घेतो. या धुराला सावध करणारा उग्र वास नसतो. पुष्कळ प्रमाणात तो आत गेल्यास काही तासांनी ताप, खोकला व छातीत आवळल्यासारखे वाटू लागते. दुखणे पडशासारखे भासते, परंतु फुप्फुसांत पाणी भरून ते प्राणावरही बेतू शकते. थोडा थोडा धूर वर्षानुवर्षे आत गेल्यास कॅडमियम मूत्रपिंडात साठत जाते. शरीर त्यास इतक्या सावकाश बाहेर टाकते की, साठलेले प्रमाण निम्मे होण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. मूत्रपिंडाच्या नलिका निकामी होऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागतात व पुढे हाडेही दुबळी होतात. जपानच्या तोयामा भागात खाणीतून नदीत व नदीतून भातशेतीत गेलेल्या कॅडमियममुळे असह्य हाडदुखीचा जो रोग पसरला, त्याचा या धातूशी असलेला संबंध जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केला. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९३ मध्ये कॅडमियमची गणना मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांत केली.

भारतीय मानकाने सोन्याच्या दागिन्यांत कॅडमियमच्या वापरास मज्जाव केला आहे. त्याच्या जागी जस्त, इंडियम व कथील यांच्या अल्प प्रमाणांनी तयार केलेले डाख वापरता येतात. त्यांनीही २२ कॅरटची शुद्धता राखता येते. मात्र आचेवर अधिक ताबा ठेवावा लागतो. जस्ताचा धूरही सर्वस्वी निरुपद्रवी नसतो. त्याने थंडी वाजून ताप येतो. म्हणून डाख बदलणे पुरेसे नाही, जागाही बदलली पाहिजे. ज्योतीच्या मागील बाजूस हवा ओढून बाहेर टाकणारी नळी बसविल्यास धूर चेहऱ्याकडे न येता दूर जातो. डोक्यावरील पंख्याने हे साधत नाही. तो धूर सगळ्या खोलीत पसरवितो. तोंडाला बांधलेला फडकाही या सूक्ष्म कणांस अडवीत नाही.

मुंबईच्या झवेरी बाजारात, कोलकात्याच्या बऊबाजारात, त्रिशूर व कोइमतूर येथे पुष्कळ कारागीर लहानशा खोलीत दाटीने बसून काम करतात. त्यांतील अनेकजण आपले गाव सोडून आलेले असून कामाची जागा हीच त्यांची निजण्याची जागा असते. सोन्याचा कण वाऱ्याने उडू नये म्हणून खिडक्या बंद ठेवण्याची प्रवृत्ती असते. कणाची ही काळजी समजण्यासारखी आहे. परंतु श्वासाचे मोल त्याहून कमी धरता येणार नाही. सोने गाळताना नत्राम्लातून निघणारे तपकिरी वायूही अशा खोलीत तितकेच घातक ठरतात.

उजाळा आणि झारेकरी

सांधा जोडल्यावर अंगठी काळवंडलेली असते. हा काळेपणा सोन्याचा नव्हे. मिश्रणातील तांबे हवेत तापून त्याचे जे भस्म होते, त्याचा असतो. चिंच किंवा तुरटीच्या पाण्यात अथवा पातळ केलेल्या गंधकाम्लात अंगठी उकळली की हे भस्म विरघळते. गंधकाम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे; आम्लात पाणी ओतल्यास ते एकदम उकळून अंगावर उडते.

यानंतर कानस, मग बारीक घासकागद आणि शेवटी ओपणी यांनी अंगठीस झळाळी आणतात. ओपणीचे टोक पोलादाचे किंवा अकीकाचे असते. ती धातू खरवडीत नाही. पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे दाबून सपाट करते व त्यामुळे वरचा थर थोडा कठीणही होतो. शेवटी रिठ्याच्या पाण्यात कुंचल्याने धुतले की अंगठी तयार होते.

या सर्व कामांत सोन्याचे कण जमिनीवर, राखेत, हात धुण्याच्या पाण्यात व कपड्यांत जातात. ते वाया जात नाहीत. दुकानातील केर व राख विकत घेऊन, धुऊन व गाळून त्यातून सोने काढणारा झारेकरी हा या धंद्याचा जुना सोबती आहे. उत्तर भारतात त्यास न्यारिया म्हणतात, आणि अकबराच्या टांकसाळीचे वर्णन करताना अबुल फज्लने त्याचीही नोंद घेतली आहे. सोन्याची घनता मातीच्या सातपट असल्यामुळे पाण्याच्या ओघात माती वाहून जाते व सोने तळाशी राहते. कोलार येथील खाण २००१ मध्ये बंद झाल्यावर देशातील सोन्याचे उत्पादन अगदीच थोडे राहिले आहे. अशा वेळी केरातून सोने परत मिळविणारा हा व्यवसाय क्षुल्लक मानता येणार नाही.

शुद्धतेची परीक्षा

तयार अंगठी २२ कॅरटची आहे, हे कसे ओळखावे? सर्वांत जुनी रीत कसोटीची. काळ्या, कणीदार दगडावर अंगठीने रेघ ओढून तिच्याशेजारी ज्ञात शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढतात व दोहोंवर आम्लाचा थेंब टाकून रंगाची तुलना करतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कसोटीवरील परीक्षेचा व त्या वेळी होणाऱ्या लबाडीचा विचार केलेला आहे. अनुभवी नजरेस ही रीत पुष्कळ सांगते, परंतु ती केवळ वरच्या थराविषयीच सांगते.

दुसरी रीत आर्किमिडीजच्या तत्त्वावर आधारलेली आहे. वर उल्लेखिलेली ६.५४ ग्रॅमची २२ कॅरटची अंगठी पाण्यात तोलली, तर तिचे वजन सुमारे ०.३६७ ग्रॅमनी कमी भरते. तेवढ्याच वजनाची १८ कॅरटची अंगठी असेल, तर ही घट सुमारे ०.४२ ग्रॅम येते. दोहोंतील फरक अर्ध्या गुंजेच्या आसपास आहे. चांगल्या तराजूस तो सहज कळतो. मात्र अंगठीत खडा असल्यास किंवा आत पोकळी असल्यास हा हिशेब चुकतो. शिवाय टंगस्टन या धातूची घनता सोन्याच्या अगदी जवळ असल्याने त्याची भेसळ या रीतीस चकवू शकते.

आज पेढ्यांतून क्ष-किरणांचे यंत्र वापरले जाते. क्ष-किरण पडले असता प्रत्येक धातू आपापल्या ठराविक तरंगलांबीचे किरण परत फेकतो व त्यावरून धातूंचे प्रमाण कळते. अंगठीस धक्का न लागता मिनिटभरात उत्तर मिळते. परंतु हे किरण फार खोल जात नाहीत; जाड मुलाम्याखाली काय आहे ते यंत्रास दिसत नाही.

निर्णायक परीक्षा अग्नीचीच. काढलेल्या नमुन्यात ठराविक प्रमाणात चांदी मिसळून तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात व सच्छिद्र कुपीत तापवितात. शिसे व इतर हीण धातू भस्म होऊन कुपीत शोषले जातात. उरते ती सोन्या-चांदीची गोळी. ती पातळ करून नत्राम्लात उकळली की चांदी विरघळते व शुद्ध सोने मागे राहते. ते तोलले म्हणजे नमुन्याची शुद्धता हजारात एका भागाहूनही अधिक बारकाईने कळते.

ही परीक्षा प्रत्येक ग्राहकास करता येणे शक्य नसल्यामुळे भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये सोन्याच्या दागिन्यांवर ठसा देण्याची योजना सुरू केली. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आता ठशात ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे व अंक मिळून सहा स्थानांचा त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक अशा तीन गोष्टी असतात. १ एप्रिल २०२३ पासून ठशाच्या दागिन्यास हा क्रमांक आवश्यक झाला आहे. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे, हे नाजूक अंगठ्या घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. ‘केडीएम’ ही अक्षरे शुद्धतेची खूण नव्हेत. ती फक्त डाखाचा प्रकार सांगतात, आणि तो प्रकार त्याज्य आहे.

ठसा सोन्याविषयी ग्वाही देतो; ते ज्याच्या हातांनी घडले त्याच्या प्रकृतीविषयी तो काहीच सांगत नाही. सोन्याची पारख करण्याची साधने शतकानुशतके सूक्ष्म होत गेली, परंतु कारागिराच्या खोलीतील हवेची पारख करण्याकडे तितके लक्ष गेले नाही. वास्तविक त्यासाठी लागणारे ज्ञान उपलब्ध आहे आणि साधनेही फार महाग नाहीत. कॅडमियमविरहित डाख, ज्योतीमागे धूर ओढणारी नळी, आम्लाच्या कामासाठी वेगळी मोकळी जागा आणि वर्षातून एकदा लघवीची व फुप्फुसांची तपासणी एवढ्यावर पुष्कळ भागते. पेढीच्या मालकाने ही व्यवस्था करावी आणि ग्राहकाने ठशाबरोबर तिचीही विचारपूस करावी. ग्राहक जी गोष्ट विचारतो ती बाजार पुरवितो, हे शुद्धतेच्या बाबतीत सिद्ध झालेच आहे. कारागिराच्या आरोग्याच्या बाबतीतही ते सिद्ध होण्यास काही अडचण नाही.